लंघन आणि बृंहण

आपल्या जुन्या वैद्यकाने उपचारांचे दोन मूळ प्रकार मानले आहेत. शरीरात जे अधिक झाले असेल ते उतरविणे हे लंघन, आणि जे उणे पडले असेल ते भरून काढणे हे बृंहण. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायाचे नावच लंघनबृंहणीय असे आहे. लंघन म्हणजे निव्वळ उपास ही जी समजूत पुढे रूढ झाली, ती त्या ग्रंथाला धरून नाही. तेथे लंघनाचे दहा प्रकार सांगितले असून उपवास हा त्यांपैकी केवळ एक आहे. व्यायाम हाही एक आहे. त्यापुढचाच अध्याय अतिपोषणापासून होणाऱ्या रोगांविषयी असून त्या रोगांत प्रमेहाची गणना केली आहे. प्रमेहाच्या चिकित्सेत मात्र ग्रंथकार सर्वांस एकच उपाय सांगत नाही. प्रमेही माणसे दोन जातींची : एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल, पहिल्याचे शोधन करावे, दुसऱ्याचे बृंहण करावे, असा भेद तो करून ठेवतो. या भेदाचा जेव्हा जेव्हा विसर पडला तेव्हा तेव्हा रोग्यांस त्याची किंमत मोजावी लागली, हे मधुमेहाच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासावरून दाखविता येते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

हा विषय आज केवळ इतिहासाच्या जिज्ञासेचा राहिलेला नाही. भारतात १० कोटींहून अधिक माणसांस मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीतून २०२३ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत या रोगावरील आहाराविषयी दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, दिवसातून दोनदाच जेवा, मधल्या वेळी तोंडात काही घालू नका. दुसरा म्हणतो, दर दोन तासांनी थोडे थोडे खात जा. एकाच घरात सासूबाई एका पक्षाच्या व सूनबाई दुसऱ्या पक्षाची असेही दृश्य दुर्मीळ नाही. वादाचा निकाल बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागतो. परंतु ज्याच्या ताटाविषयी वाद चालला आहे तो मनुष्य गोळ्या घेत असतो, कित्येकदा इन्सुलिनही टोचून घेत असतो, आणि चुकीच्या निकालाचे परिणाम त्याला एकट्याला भोगावे लागतात. म्हणून या दोन्ही मतांचे मूळ कोठे आहे हे पाहणे अगत्याचे वाटते. त्यांपैकी भरपूर खाण्याच्या मताचा माग घेताना आपण सातारा जिल्ह्यातील पाचगणीस जाऊन पोचतो.

वाईहून पसरणीचा घाट चढून गेले म्हणजे पाचगणी लागते. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधले हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० फूट उंच आहे. जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते वसविण्यास आरंभ केला व तेथे सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडे लावली. पश्चिमेस बारा मैलांवर महाबळेश्वर असताना या दुसऱ्या गावाची गरज काय पडली, याचे उत्तर पावसात आहे. महाबळेश्वरी पावसाळ्यात दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. पाचगणी डोंगराच्या आडोशास असल्यामुळे तेथे त्याचा लहानसा अंशच पडतो. महाबळेश्वर उन्हाळ्यापुरते, तर पाचगणी बाराही महिने राहण्यासारखी. ज्याला चार आठवडे नव्हे तर वर्ष-दोन वर्षे हवापालट करावयाचा, त्या दीर्घ दुखणेकऱ्याला अशीच जागा हवी होती.

त्या काळचे दीर्घ दुखणे म्हणजे क्षय. १८८२ साली रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू शोधून काढला, परंतु त्यास मारणारे औषध पुढे साठ वर्षे सापडले नाही. उपाय होता तो आरोग्यधामाचा. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हर्मान ब्रेमर याने डोंगरातील मोकळी हवा, विश्रांती आणि भरपूर अन्न या त्रयीवर क्षयरोग्यांचे पहिले आरोग्यधाम चालविले, आणि तो कित्ता सर्व जगाने गिरविला. आपल्याकडे मुंबईचे डॉक्टर रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीस बेल-एअर हे आरोग्यधाम स्थापन केले. पुढे कित्येक वर्षे पाचगणी हे नाव मुंबई इलाख्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांत दबक्या आवाजात उच्चारले जाई, ते या कारणाने.

अशा आरोग्यधामांतील दिनक्रम जगभर साधारण एकाच प्रकारचा असे. रोग्याने उघड्या व्हरांड्यात पडून राहावे. दूध, अंडी, लोणी, मांसरस यांचे सेवन भूक असो वा नसो ठराविक वेळी करावे. आणि ठराविक दिवशी काट्यावर उभे राहावे. त्या काट्याकडे रोगी ज्या आशेने पाही, ती समजण्यासाठी क्षय हा शब्दच पुरे आहे. ज्या रोगात देह दिवसानुदिवस झिजतो, त्यात वाढलेला एक शेर हा आयुष्याचा वाढलेला महिना वाटणे स्वाभाविक होते. राजयक्ष्म्याला बृंहण हवे हे जुन्या वैद्यांचेही मत होते. पूर्व व पश्चिम यांचे येथे एकमत झाले, आणि अंगावर मांस चढणे म्हणजे प्रकृती सुधारणे ही समजूत आपल्या घराघरांत पक्की होऊन बसली. बाळंतीण, विद्यार्थी, दुखण्यातून उठलेला मनुष्य, सर्वांना तेच माप लागू झाले. पुढील पिढीच्या ज्या वडीलमंडळींस मधुमेहाने गाठले, त्यांच्या आया याच मापाने मुलांची प्रकृती जोखीत आल्या होत्या.

पाचगणीस क्षयरोग्यांस आग्रहाने खाऊ घातले जात होते त्याच दशकात अमेरिकेत दुसऱ्या एका रोगाच्या रोग्यांना तितक्याच आग्रहाने उपाशी ठेवण्यात येत होते. त्याचे मूळ फ्रान्समध्ये आहे. १८७० च्या सप्टेंबरपासून पुढील जानेवारीपर्यंत प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा दिला तेव्हा शहरात अन्नान्नदशा झाली. अपोलिनेर बुशार्दा या फ्रेंच वैद्याच्या असे ध्यानात आले की, या दिवसांत त्याच्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतील साखर नाहीशी झाली. पोट रिते राहिले की साखर उतरते, हा निष्कर्ष त्याने काढला व रोग्यांनी शक्य तितके कमी खावे असे तो सांगू लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील डॉक्टर फ्रेडरिक ॲलन याने १९१४ च्या सुमारास या कल्पनेला काटेकोर पद्धतीचे रूप दिले. लघवीतील साखर जाईपर्यंत रोग्यास उपाशी ठेवावयाचे. मग मोजून मापून थोडे अन्न द्यावयाचे. साखर पुन्हा दिसली की पुन्हा उपास. ॲलनचे रोगी जगत, परंतु कसे? एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याची कन्या वयाच्या अकराव्या वर्षी, १९१९ साली, मधुमेहाने आजारी पडली. तीन वर्षांच्या या व्रतानंतर चौदा-पंधरा वर्षांच्या त्या मुलीचे वजन सुमारे ४५ पौंड उरले होते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे पहिल्या रोग्यास इन्सुलिन टोचण्यात आले होते. ऑगस्टात ते एलिझाबेथला मिळाले. ती १९८१ पर्यंत जगली. इन्सुलिनपूर्वी उपाशी राहून दिवस कंठणाऱ्या इतर कित्येक मुलांच्या नशिबी ते भाग्य नव्हते.

ॲलनला निर्दय म्हणणे सोपे आहे, परंतु न्यायाचे नाही. त्याच्या काळी त्याच्याजवळ दुसरा उपायच नव्हता, आणि त्याच्या पद्धतीने मिळालेल्या वर्षामुळेच काही रोगी इन्सुलिनपर्यंत तग धरू शकले. त्याची अडचण वेगळी होती. मधुमेह या एका नावाखाली दोन निरनिराळे रोग वावरत होते. पहिल्यात स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. हा बहुधा बालपणी वा तारुण्यात येतो व रोगी झपाट्याने वाळत जातो. दुसऱ्यात इन्सुलिन असते, परंतु शरीर त्यास नीट जुमानत नाही; हा बहुधा प्रौढपणी, पुष्कळदा पोट सुटल्यावर येतो. बुशार्दाला वेढ्यात गुण दिसला तो बहुतांशी दुसऱ्या जातीच्या रोग्यांत असावा. एकाला जे तारक तेच दुसऱ्याला मारक. लंडनचे हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ साली प्रयोगाने हा भेद स्पष्ट केला. चरकाचा स्थूल व कृश हा भेद आणि हा आधुनिक भेद एकच आहेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. जुन्या वैद्यांस स्वादुपिंडाचे हे कार्य ठाऊक नव्हते. परंतु रोगाचे नाव एक असले तरी रोगी पाहून उपाय ठरवावा, हा त्यांचा विवेक ॲलनच्या काळी उपलब्ध असता तर उपयोगी पडला असता, एवढे निश्चित.

याहून बिकट स्थिती एका तिसऱ्या रोग्याची होती, ज्याला मधुमेह व क्षय दोन्ही असत. इन्सुलिनपूर्व काळात मधुमेह्याचा अंत क्षयाने होणे ही नित्याची गोष्ट होती. त्याला खाऊ घालावे तर साखर भडके, उपाशी ठेवावे तर क्षय बळावे. लंघन आणि बृंहण या दोन्ही वाटा ज्याच्यापुढे बंद होत्या, असा हा दुर्दैवी जीव. आरोग्यधामाचे शास्त्र व उपासाचे शास्त्र, दोन्ही आपापल्या जागी कितीही सुसंगत असली तरी त्याच्या खाटेपाशी येऊन निरुत्तर होत.

पाचगणीच्या उपचाराचे पुढे काय झाले हे पाहिले म्हणजे आहारविषयक मतांची परीक्षा कशी करावी हे कळते. १९४३-४४ साली स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला व पाठोपाठ क्षयावर आणखी औषधे आली. तथापि औषधाबरोबर आरोग्यधामातील विश्रांती व खुराक हवाच, असे बहुतेक सर्व जाणते म्हणत. मद्रास येथील क्षयचिकित्सा केंद्राने ही गोष्ट गृहीत न धरता पडताळून पाहिली. काही रोग्यांस आरोग्यधामात ठेवून व काहींस त्यांच्या दाटीवाटीच्या, गरिबीच्या घरी ठेवून तीच औषधे देण्यात आली. घरच्या रोग्यांचे अन्न उणे होते, विश्रांतीही उणी होती; तरी एका वर्षाअखेर दोन्हींकडे गुण जवळजवळ सारखाच आला. १९५९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि आरोग्यधामांचे युग जगभर ओसरू लागले. बेल-एअर १९६४ साली रेडक्रॉस संस्थेकडे गेले, आणि पाचगणीचे नाव क्षयाऐवजी तेथील निवासी शाळांसाठी घेतले जाऊ लागले. शंभर अनुभवी माणसांची खात्री व एक नीट योजलेली तुलना यांत वजन कशाला द्यावे, याचा हा धडा होता. उपासाच्या बाबतीतही तोच लागू आहे.

औषधांचा हा पालट होत असतानाच पाचगणीच्या पठारावर बृंहणाच्या अगदी उलट टोकाचा एक पुरुष वस्तीस आला होता. ६ मे १९४४ रोजी आगाखान राजवाड्यातील कैदेतून प्रकृतीच्या कारणावरून सुटल्यावर महात्मा गांधी त्याच वर्षीच्या जुलैत पाचगणीस राहिले. १९४५ व १९४६ सालीही ते तेथे आले होते. त्याच राजवाड्यात १० फेब्रुवारी १९४३ पासून त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास केला होता, आणि तेथेच १९४२ साली आरोग्यावरील आपले छोटे पुस्तक लिहिले होते. अन्न हे औषधाप्रमाणे, देहापुरते घ्यावे, ही त्यांची शिकवण. पुण्याचे निसर्गोपचारतज्ज्ञ डॉक्टर दिनशा मेहता यांच्या चिकित्सालयाशी त्यांचा निकटचा संबंध होता, आणि १९४६ च्या मार्चमध्ये उरुळीकांचन येथे त्यांनी निसर्गोपचाराच्या कार्यास प्रारंभ केला. ते काम मणिभाई देसाई यांनी पुढे चालविले. उपासाला महाराष्ट्रातील सुशिक्षित समाजात जी प्रतिष्ठा मिळाली, तिच्यात या प्रयोगांचा वाटा मोठा आहे. मात्र गांधीजींचे मोठे उपवास हे रोगपरिहारासाठी नव्हते, ते नैतिक उद्देशाने केलेले होते. आणि १९४३ च्या उपवासात त्यांच्या बिछान्याभोवती डॉक्टरांचे पथक अहोरात्र होते. उपासाची महती गाणारे बहुधा या दुसऱ्या गोष्टीचा उल्लेख करीत नाहीत.

गांधीजींच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरांत एकादशी, चतुर्थी, सोमवार, चातुर्मास चालत आले आहेत. तेव्हा लंघनाची सवय आपल्याला आहेच, मग मधुमेह कसा वाढला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर म्हणीतच आहे : एकादशी आणि दुप्पट खाशी. उपासाचा राजा जो साबुदाणा, तो जवळजवळ शुद्ध पिष्ट असून ज्या साबुकंदापासून तो होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडील साबुदाणा येईनासा झाला तेव्हा तमिळ प्रदेशातील सेलम भागात तो करण्याचा धंदा वाढीस लागला. बटाटा, शेंगदाणा, मिरची हे खिचडीतील त्याचे सोबतीही अमेरिकेतूनच आलेले. ज्या पदार्थांचे नाव कोणत्याही जुन्या स्मृतिकाराने ऐकले नव्हते त्यांवर आपला उपास चालतो. यात धर्माची हानी किती हे धर्मशास्त्री पाहोत. मधुमेह्याच्या रक्तात मात्र बशीभर साबुदाण्याची खिचडी ही साखर वेगाने चढविते. व्रत व चिकित्सा या दोन गोष्टी भिन्न आहेत. एकीत वर्ज्य काय हे पाहिले जाते, दुसरीत खाल्ले किती व कशाचे, हे पाहावे लागते.

आता चिकित्सेच्या दृष्टीने लंघन काय करते ते पाहू. आपण खाल्लेल्या पिष्टाची साखर झाली की स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते. त्याच्या आज्ञेने साखर स्नायूंत व यकृतात साठविली जाते व उरलेलीची चरबी होते. पोट रिते असताना यकृत साठ्यातली साखर थोडी थोडी रक्तात सोडीत असते. दुसऱ्या जातीच्या मधुमेहात यकृतात चरबी साचलेली असते, आणि ते इन्सुलिनचा इशारा न मानता रात्रभर साखर सोडीत राहते. म्हणूनच कित्येकांस नवल वाटते की, रात्री काही न खाताही सकाळची साखर चढलेली कशी. इंग्लंडातील न्यूकॅसल येथे रॉय टेलर यांनी २०११ साली अकरा रोग्यांस आठ आठवडे दररोज सुमारे ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवले. आठवड्याभरातच त्यांची उपाशीपोटीची साखर सामान्य झाली, आणि पुढे स्वादुपिंडातील चरबीही घटत गेली. बुशार्दाने वेढ्यात जे पाहिले त्याचे कारण असे १४० वर्षांनी उलगडले. २०१७ साली स्कॉटलंड व ईशान्य इंग्लंडातील मोठ्या प्रयोगात अशाच अल्पाहाराने ४६ टक्के रोग्यांचा मधुमेह एका वर्षानंतर औषधावाचून आटोक्यात राहिला. नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. परंतु हे सर्व रोगी इन्सुलिन न घेणारे, रोग जडून सहा वर्षे न झालेले व वजनाने भारी असे होते. आणि जसजसे वजन पुन्हा चढले तसतसा कित्येकांचा रोगही परतला. गुण उपासाच्या नावात नाही, उतरलेल्या व उतरूनच राहिलेल्या चरबीत आहे, असा याचा अर्थ होतो.

महाराष्ट्रात या विचाराचे बीज नागपूरचे डॉक्टर श्रीकांत जिचकर यांनी पेरले. १९५४ साली जन्मलेले व २००४ साली अपघातात निवर्तलेले हे बहुपदवीधर गृहस्थ आपल्या व्याख्यानांतून दोनदाच जेवण्याचा पुरस्कार करीत. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन डॉक्टर जगन्नाथ दीक्षित यांनी त्याला चळवळीचे रूप दिले. खरी भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखाव्यात, जेवण ५५ मिनिटांत आटपावे, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा याखेरीज काही घेऊ नये, आणि रोज ४५ मिनिटे चालावे, हा त्यांचा उपदेश. त्यातील शेवटचे कलम लोक सोयीस्करपणे विसरतात. वास्तविक सुश्रुतानेही निर्धन प्रमेह्यास पायी शंभर योजने चालावयास सांगितले आहे. या चळवळीचे एक श्रेय मान्य केलेच पाहिजे. दिवसभर चहा-बिस्किटे, चिवडा, फरसाण चघळीत राहण्याच्या मध्यमवर्गीय सवयीला तिने प्रथमच जाहीर आव्हान दिले, आणि तेही एक पैसा न घेता.

पण मद्रासच्या तुलनेचा धडा येथे लावला तर काय दिसते? प्राग येथे २०१४ साली ५४ मधुमेह्यांवर तुलना झाली. तितकाच आहार काही आठवडे दोन जेवणांत व काही आठवडे सहा लहान खाण्यांत दिला असता दोन जेवणांनी वजन व सकाळची साखर किंचित अधिक उतरली. म्हणजे दर दोन तासांनी खाण्याच्या मताला पुष्टी मिळाली नाही. परंतु ती दोन जेवणे न्याहारी व दुपारचे भोजन ही होती. रात्री दहाला पोटभर जेवण्याची आपली रीत त्यात नव्हती. ऑस्ट्रेलियात १३७ मधुमेह्यांवर वर्षभर केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आठवड्यातून दोन दिवस अत्यल्प खाणे आणि रोजच थोडे कमी खाणे, या दोन रीतींनी साखरेची तीन महिन्यांची सरासरी साधारण सारखीच उतरली. अमेरिकेत २०२३ साली दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात जेवणाऱ्यांची व अन्न मोजून खाणाऱ्यांची गाठ घातली तेव्हाही साखरेच्या बाबतीत उन्नीस-बीसही फरक दिसला नाही. घड्याळात जादू नाही. मात्र ज्याला दर घासाचा हिशेब ठेवणे जमत नाही, त्याला दोन वेळांची मर्यादा पाळणे सोपे जाते, आणि सोपे तेच टिकते. दोन वेळांच्या नियमाचा खरा गुण हा आहे, आणि तो थोडा नव्हे.

येथवरच्या परदेशी प्रयोगांतील बहुतेक रोगी स्थूल होते. आपल्याकडील रोगी तसाच असतो काय? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नाला आयुष्य वाहिले. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके सरासरी २.७ किलो व इंग्लंडातील साउदॅम्प्टनची ३.५ किलो भरली; परंतु आपल्या बारीक बाळांच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी उणी नव्हती. २००४ साली त्यांनी इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्यासह आपलेच छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, पण युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. दिसण्यात कृश आणि आतून स्थूल अशी ही तिसरी जात आहे. तिच्याकडे पाहून लंघन द्यावे की बृंहण, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. अशा माणसाने ऐकीव उपदेशावरून दोन वेळांवर येऊन वरण, दूध, उसळी यांनाही फाटा दिला, तर आधीच उणे असलेले स्नायू आणखी झडतात. आणि साखर साठविण्याचे मोठे कोठार तर स्नायूच आहेत.

शेवटी धोक्याची गोष्ट. ज्याचा मधुमेह केवळ आहारावर वा मेटफॉर्मिनवर आहे, त्याला एखादे जेवण चुकल्याने सहसा अपाय होत नाही. परंतु ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या व इन्सुलिन ही औषधे पोट भरले आहे की रिते, याची विचारपूस करीत नाहीत. त्यांचा नेहमीचा हप्ता घेऊन जो उपास करतो त्याची साखर एकाएकी उतरून घाम, कंप, भ्रम व प्रसंगी मूर्च्छा येते. न्यूझीलंडमधील २०१८ सालच्या एका प्रयोगात औषधे आधीच कमी करूनही उपासाच्या दिवशी साखर घसरण्याचे प्रसंग दुपटीने वाढले. काही नव्या गोळ्यांनी, ज्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, उपासात रक्तात आम्ल साचण्याचे भय असते. आणि पहिल्या जातीच्या मधुमेह्याला इन्सुलिन थांबवून लंघन सांगणे म्हणजे त्यास १९२१ सालात परत लोटणे होय.

पाचगणीचा तो जुना तिसरा रोगी, दोन्ही रोगांनी ग्रासलेला, अद्याप आपल्यांत आहे. मधुमेह असलेल्यास क्षय होण्याचा संभव इतरांहून सुमारे तिप्पट असतो. दुसरीकडे झारखंडात क्षयरोग्यांच्या कुटुंबीयांना सहा महिने शिधा पुरविला असता त्यांच्यांत नवीन क्षय सुमारे ४० टक्क्यांनी कमी उद्भवला, हे २०२३ साली सिद्ध झाले. जडलेला क्षय औषधाने जातो, खुराकाने नाही, हे मद्रासने दाखविले. परंतु उपाशी माणसाला क्षयापासून वाचविणारे अन्नच आहे, हे झारखंडाने दाखविले. बिलिमोरियांच्या काळचे बृंहण सर्वस्वी भ्रम नव्हते. ते कोणाला द्यावयाचे एवढेच ठरावयाचे राहिले होते.

तेव्हा ज्या घरात हा वाद चालला असेल तेथे प्रथम तीन गोष्टींची विचारणा व्हावी. रोगी कोणत्या जातीचा आहे? तो कोणते औषध घेतो? आणि उपास आरंभिल्यावर त्याची साखर मोजणारा व औषधाचे माप उतरविणारा कोणी आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर दोन वेळांचे जेवण, रात्रीचे लवकर आटपलेले पान व रोजचे चालणे यांचा प्रयोग अवश्य करावा. त्याने कित्येकांच्या गोळ्या कमी झाल्या आहेत. उत्तरे मिळत नसतील तर पुढील एकादशीची वाट न पाहता आधी डॉक्टरांकडे जावे. ॲलनपाशी काटा होता, तपासणी होती, विलक्षण चिकाटीही होती. त्याच्यापाशी नव्हते ते रोग्यारोग्यांतील भेदाचे ज्ञान. ते आज आपल्यापाशी आहे, आणि साखर मोजण्याचे यंत्रही घरोघरी आले आहे.